आधी सांगा, गाडीत बसणार कोण?

माझ्याकडं शॉकअपच्या कामाला गाडी आली की मी आधी चाकाला हात लावत नाही. आधी विचारतो, या गाडीत बसणार कोण? माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, मिस्त्री आता सोयरिकीचं काढतो की काय. मग मी सांगतो, उद्या घरच्या सगळ्यांना घेऊन या आणि रोज जसे बसता तसे बसून दाखवा.

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीला हे दृश्य आता सवयीचं झालं आहे. फाटकासमोर गाडी उभी असते. आत नवरा, बायको, सासू, पोरं, कुत्रं असलं तर कुत्रं, सगळे दारं लावून फोटोला बसल्यासारखे गंभीर असतात, आणि मी बाहेर टेप घेऊन चाक आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर मोजत फिरत असतो. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या एका साहेबांनी माझ्या बायकोला, कुंदाला, विचारलं होतं की तुमचे मिस्टर वास्तुशास्त्र बघतात का. कुंदा म्हणाली, "नाई जी, हे लोकाईचे धक्के पाह्यते."

बाहेरच्या माणसाला या कामाची फारशी माहिती नसते, म्हणून थोडं सांगतो. गाडीचा भार स्प्रिंगवर असतो आणि स्प्रिंगला उसळण्यापलीकडं काही येत नाही. खड्डा आला की ती दबते, मग उसळते, आणि कोणी आवरलं नाही तर उसळतच राहते. तिला आवरणारा तो शॉकअप. एक नळी, नळीत तेल, तेलात खालीवर होणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला भोकं असलेला पिस्टन. त्या भोकांवर पातळ पोलादी चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात. आम्ही त्यांना वायसर म्हणतो. दांडी हलली की तेलाला हे वायसर वाकवून वाट काढावी लागते. वायसर जाड असले तर शॉकअप कडक, पातळ असले तर मऊ. कंपनी हा डबा कायमचा बंद करून देते आणि तेल गळायला लागलं की नवा घ्या म्हणते. मी घेऊ देत नाही. बारीक भोक पाडून आतला गॅस सोडतो, लेथवर मान कापतो, आटे पाडून झाकण बसवतो, नवं सील आणि नवं तेल घालतो, आणि वायसर त्या घरच्या माणसांप्रमाणे लावतो.

उमेदीची वर्षं नागपूरच्या एका वर्कशॉपात गेली. तिथं गाडी यायची, माणूस दिसायचा नाही. घरामागं शेड टाकून, एक जुना लेथ आणून बसलो, तेव्हा माणसं दिसायला लागली, आणि माझ्या ध्यानात आलं की एकाच गाडीचा एकच शॉकअप दोन घरांत सारखा चालत नाही.

सेलूकडचा एक भाजीवाला शेतकरी होता. गाडीची मागची सीट काढून तो पहाटे वांगी आणि फुलकोबी बाजारात न्यायचा. लग्न झालं तसा आला आणि म्हणाला, शॉकअप मऊ करून द्या, बायकोला त्रास होतो. मऊ केले असते तर दर खड्ड्यात वांग्यांच्या भारानं गाडीचं बूड रस्त्याला घासलं असतं. मी त्याला हे समजावत होतो, तेवढ्यात त्याची बायकोच खिडकीतून म्हणाली, "वांग्याईले सांभाळा जी. मी घेईन सांभाळून." त्या गाडीचे शॉकअप मी कडकच ठेवले, पण पुढच्या सीटखाली चांगला जाड फोम घालून दिला. ती बाई अजूनही बाजारात भेटली की माझ्या पिशवीत दोन वांगी जास्तीची टाकते.

आणखी एक क्लार्क होते. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की डिकीत गव्हाचं पोतं ठेवा, गाडी उसळणार नाही. सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण ते पोतं ठेवून विसरले. पावसाळ्यात डिकी गळत होती. गाडीला कसला तरी वास येतो म्हणून माझ्याकडं घेऊन आले, आणि मी मागची सीट पुढं पाडली तर आत हिरवंगार शेत उगवलेलं. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही. मी मात्र त्यांना म्हणालो की साहेब, तुमची गाडी सुपीक आहे.

अशा गमतींवर माझी बरीच वर्षं निघाली. आता काम कमी झालं आहे. नवे शॉकअप घरपोच येतात, कापाकापीच्या भानगडीत पडायला कोणी तयार नसतं. शिवाय या कामाला शाबासकी नाही. इंजिन दुरुस्त झालं की लोक आवाज ऐकून खूश होतात. शॉकअप चांगला झाला की काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही याबद्दल कोण कोणाला फोन करतो? याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. मंजूषा मॅडमच्या गाडीचं काम केलं तेव्हापासून वाटत नाही. ते काम सांगावं म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

मंजूषा मॅडम आमच्याच वस्तीत राहतात. शाळेत भूगोल शिकवतात. एका संध्याकाळी त्या आपली छोटी जुनी गाडी घेऊन आल्या. मी सवयीनं विचारलं, बसणार कोण?

त्या म्हणाल्या, "तीच अडचण आहे भाऊ. जिनं बसायचं आहे ती बसायला तयार नाही."

त्यांची आई, गिरजामावशी, आष्टीला एकट्या राहायच्या. वर्षभरापूर्वी न्हाणीघराच्या पायरीवर बसकण मारल्यासारख्या पडल्या आणि पाठीचा मणका दबला. वर्ध्याच्या दवाखान्यातून सोडलं तेव्हा लेकीकडं राहा म्हटलं तर ऐकल्या नाहीत, आपल्या घरी आष्टीलाच जाईन म्हणाल्या. भाड्याच्या जीपमधून नेलं. त्या रस्त्यानं त्यांचे असे हाल झाले की तळेगाव ओलांडलं तेव्हा त्यांना शुद्ध राहिली नव्हती. तेव्हापासून त्या कुठल्याही गाडीत बसल्या नव्हत्या. अंगणातसुद्धा क्वचित यायच्या. मणका आता बराचसा जुळून आला होता. पट्टा बांधून बसायला हरकत नाही, प्रवासही करा, फक्त जपून करा, असं डॉक्टर सांगत होते. पण मावशींच्या मनातून ती जीप जात नव्हती. अँब्युलन्स आणू म्हटलं तर म्हणत, त्यात बसलेलं माणूस गावात परत आलेलं मी पाहिलं नाही.

आजवर शेजारची एक बाई त्यांचं सगळं करत होती. ती दिवाळीनंतर मुलाकडं अमरावतीला कायमची जाणार होती. मग मावशी त्या घरात एकट्या पडणार होत्या. मॅडम आठवडाभर शाळा आणि रविवारी आष्टी असं करून आधीच वाळून गेल्या होत्या.

"दिवाळीपर्यंत ती आली नाही तर मी नोकरी सोडून तिकडं जाऊन राहणार," त्या म्हणाल्या. "दुसरा रस्ता दिसत नाही मला. पण तिला एकदा आणता आलं तर, भाऊ... एकदाच. मग ही गाडी विकून टाकीन म्हटलं तरी चालेल."

"आई काय म्हणते?"

मॅडम थोडं हसल्या. "म्हणते, मले न्यायचंच असन तं चौघाईच्या खांद्यावर नेजा, तिथं खड्डे नाई लागत."

मी त्यांना वचन दिलं नाही. रस्ता माझ्या हातात नव्हता, आणि आष्टी ते वर्धा हा रस्ता पावसाळ्यानंतर कसा होतो हे या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. गाडी ठेवून जा, एवढंच म्हणालो.  भाजीवाल्याच्या गाडीत चूक झाली असती तर वांगी चेपली असती. इथं चूक झाली तर ती बाई पुन्हा कधीच उंबरा ओलांडणार नव्हती.

बसणारं माणूसच नाही तेव्हा त्याच्या जागी काय ठेवायचं, हा पहिला प्रश्न होता. वजन सोपं होतं. मॅडमनी आईचं वजन सांगितलं, कुंदानं वर्षाच्या तुरी भरून ठेवल्या होत्या, त्यातलं तेवढं पोतं बांधलं. पोतं ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवलं, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली ती जागा सगळ्यात कमी उडते. पण पोत्याला दुखत नाही. त्याला विचारणार काय?

याचं उत्तर स्वयंपाकघरातून आलं. मी विचारात ओट्यावर बोटं वाजवत बसलो होतो. कुंदा म्हणाली, "अहो, ओटा काऊन हालवून राह्यले? दही लावलं आहे, मोडन नं."

दही. हललं की मोडतं, पाणी सोडतं, आणि मोडलेलं लपवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लागलेल्या दह्याचं गाडगं मी पोत्याच्या मांडीवर ठेवलं, टॉवेलनं बांधलं, वरून सीटबेल्ट लावला आणि आर्वी रोडनं आंजीपर्यंत जाऊन आलो. गाडीला जुनेच शॉकअप होते. घरी आलो तेव्हा गाडग्यात सरळ मठ्ठा होता.

मग कामाला लागलो. चारही शॉकअप खोलले. पुढच्या दोघांचं तेल काळं पडून निम्मं उरलं होतं, मागच्या एकाची दांडी गंजली होती. ती नागपूरहून क्रोम करून आणली. वायसर पातळ केले, तेल पातळ घातलं, टायरमधली हवा थोडी उतरवली. रोज गाडगं घेऊन फेरी, रोज आणखी थोडं मऊ. आमच्या घरी त्या काळात कढीशिवाय दुसरं काही शिजलं नाही. आर्वी नाक्यावरच्या हवालदारानं एकदा थांबवलं आणि आत वाकून पाहिलं.

"हे काय होय जी?"

मी म्हणालो, "मावशी."

त्यानं पोत्याकडं पाहिलं, गाडग्याकडं पाहिलं, बेल्टकडं पाहिलं. "बेल्ट लावला आहे नं, मंग जा," म्हणाला.

शेवटी एक दिवस मी आंजीच्याही पुढं खरांगण्यापर्यंत जाऊन आलो आणि गाडग्यात दही जसंच्या तसं होतं. वरची सायसुद्धा फाटली नव्हती. मला इतका आनंद झाला की ते गाडगं मी शेजारच्या साहेबांनाही दाखवून आलो. त्यांना ते कशासाठी दाखवलं हे समजलं नसावं, पण छान लागलंय म्हणाले.

मॅडमना फोन करायला निघालो तर कुंदा म्हणाली, "आधी मले बसवा."

कुंदाची कंबर बाळंतपणापासून धरलेली आहे. स्कूटरवर तर ती बसतच नाही. मी म्हणालो, चल की, झोपून जाशील. पोत्याच्या जागी ती बसली. नाका गेला, आंजीच्या वाटेला लागलो, एकही धक्का नाही. मी मनात फुगून चाललो होतो. तिच्याकडं पाहिलं तर तिनं डोळे मिटले होते आणि कपाळाला घाम होता.

"थांबवा गाडी," ती म्हणाली.

उतरून बाभळीच्या सावलीत बराच वेळ उभी राहिली. मी विचारलं, धक्का लागला का? "धक्का एकही नाई लागला," ती म्हणाली. "पण हे गाडी होय की पाळणा? खड्डा गेला तरी हे हालूनच राह्यली. मी पूर्ण रस्ताभर स्वतःले सावरून राह्यली. कंबर तुटली माह्यी सावरूनसावरून."

मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसलो. गोष्ट इतकी साधी होती आणि इतकी वर्षं काम करून मला दिसली नव्हती. दही आपलं गाडग्यात बसून असतं. गाडी झुलली तर तेही झुलतं, त्याला तोल सांभाळायचा नसतो. माणूस बसल्याबसल्या पाठीनं तोल सांभाळत असतो, आणि मावशींची पाठ तेवढंच करू शकत नव्हती. मी दह्यासाठी उत्तम गाडी तयार केली होती. त्यात मावशींना बसवलं असतं तर आर्वी यायच्या आत त्यांनी परत फिरा म्हटलं असतं, आणि ते शेवटचं झालं असतं.  हायसं एवढंच वाटलं, की घाम कुंदाच्या कपाळाला आला होता, मावशींच्या नाही.

परत आलो आणि पुन्हा सगळं खोललं. शॉकअपला दोन वाटा असतात, एक दबतानाची आणि एक वर येतानाची. मी दोन्ही मोकळ्या करून ठेवल्या होत्या. आता दबण्याची वाट मोकळीच ठेवली आणि वर येण्याची आवळली, म्हणजे चाकानं खड्डा गुपचूप गिळावा आणि गाडीनं एकदाच सावकाश वर येऊन थांबावं. यातही एक मेख आहे. वर येणं फार आवळलं तर लागोपाठच्या खड्ड्यांत गाडीला वर यायला वेळच मिळत नाही, ती खाली बसत जाते आणि शेवटी दगडासारखी होते. आणि आमच्या रस्त्यावर खड्डे एकेकटे येत नाहीत. म्हणून एक वायसर काढ, एक घाल, असं करत राहिलो. रोज कुंदा शेजारी बसायची. तिला मी काही विचारायचं सोडून दिलं होतं, कारण विचारलं की ती विचार करून सांगायची आणि विचार करताना अंग आखडायची. मी फक्त ऐकायचो. पहिल्या फेऱ्यांत ती गप्प असायची. मग एक दिवस आंजीच्या पुढं तिनं माझ्या चुलतभावाच्या सुनेचा विषय काढला, आणि तो खरांगणा येऊन गेलं तरी संपला नाही. मी गाडी वळवली. त्या वायसरना मी नंतर हात लावला नाही.

आष्टीला मी, कारण मॅडम म्हणाल्या तुम्ही सोबत चलाच, मागच्या सीटवर बसून गेलो. मॅडम चालवत होत्या. गावात आठवडी बाजार भरला होता, त्यातून वाट काढत घरी पोचलो.

गिरजामावशी दिवाणावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढरेशुभ्र केस, पाठीला पट्टा. मला वाटलं होतं थकलेलं माणूस भेटेल. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तूच का रे तो मिस्त्री?"

"हाव मावशी."

"हे पोरगी म्हणते तू माह्यासाठी गाडी केली. मले पाह्यल्याशिवाय कशी केली?"

मी तुरीच्या पोत्याचं सांगितलं. दह्याचंही सांगितलं. कुंदाचं सांगितलं तेव्हा त्या जरा पुढं झुकल्या. "तिची कंबर कधीपासून होय?" म्हणाल्या. मी सांगितलं. "अन् ते बसली?" "रोज बसली." त्या बराच वेळ खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडं पाहत राहिल्या. मॅडम उभ्याच होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मग मावशी लेकीला म्हणाल्या, "मी परत फीर म्हटलं की फिरजो. समजावत बसजो नको."

"हो आई."

"शपथ घे."

मॅडमनी शपथ घेतली. मग त्यांना उठवून, धरून, एकेक पाऊल टाकत बाहेर आणलं. शेजारची बाई डोळे पुसत होती. सीट मी आधीच मागं कलती करून ठेवली होती. मावशी बसल्या, उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं दाराच्या वरचं हँडल असं धरलं की बोटं पांढरी पडली. मी त्यांच्या मागं बसलो होतो. पुढचा सगळा रस्ता मी रस्ता पाहिलाच नाही, तो हात पाहत बसलो.

मॅडम इतकी हळू चालवत होत्या की सायकलवाले पुढं जात होते. कोणी बोलत नव्हतं. पहिले खड्डे आले आणि गेले. मावशींचे ओठ मिटलेलेच होते. मला विचारावंसं वाटत होतं, पण कुंदानं शिकवलं होतं की विचारायचं नाही.

तळेगावच्या अलीकडं रस्त्यावर पाणी साचलेलं होतं. जाताना आम्ही ते कडेनं चुकवलं होतं. समोरून ट्रक आला, मॅडमना बाजूला व्हावं लागलं, आणि पाण्याखाली काय आहे हे कळायच्या आत पुढचं चाक आत गेलं. चांगलं खोल गेलं. मग मागचं गेलं. मॅडमच्या तोंडून "आई" एवढंच निघालं आणि त्यांनी पाण्याच्या पलीकडं गाडी उभी केली. शेजारी वळून पाहायची त्यांची हिंमत होत नव्हती. मीही श्वास धरून बसलो होतो. हीच ती जागा होती, जीपमध्ये शुद्ध गेली ती. मला खरंच वाटलं की आता सगळं संपलं.

मावशी म्हणाल्या, "गेला का?"

"काय आई?"

"खड्डा."

"गेला."

"मंग थांबून काऊन राह्यली?"

 मावशींनी हँडलवरून हात काढला, बोटं उघडमीट केली आणि हात पुसल्यासारखा लुगड्यावरून फिरवला. माझ्या छातीतून जो श्वास सुटला तो इतका मोठा होता की मावशी मला म्हणाल्या, "तुले काय झालं रे मिस्त्री?"

मी म्हणालो, "काही नाई मावशी."

आर्वीच्या पुढं त्या बोलायला लागल्या. हे शेत कोणाचं, कपाशी यंदा बरी दिसून राह्यली, इथं तं हॉटेल नव्हतं, हे कधी झालं. वर्षभराचं राहिलेलं त्या खिडकीतून भराभर पाहून घेत होत्या. एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं तेव्हा त्या लेकीला म्हणाल्या, "तुले गाडी कोणं शिकवली? बैलंही लाजतीन."

"आई, तुला त्रास होईल म्हणून..."

"मले होईन तं मी सांगीन. शपथ घेतली आहे नं तू. चालव."

मॅडमनी वेग वाढवला. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसतही होत्या. मी मागं बसून आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचा आवाज ऐकला. तो आवाज म्हणजे मावशींची बडबड होती. खरांगणा गेलं, आंजी गेली, त्या थांबल्या नाहीत.

पिपरीत पोचलो. मॅडमनी आपल्या फाटकाशी गाडी लावली, धावत जाऊन वॉकर आणला, दार उघडलं, हात पुढं केला. मावशी हलल्या नाहीत. समोर पाहत बसून राहिल्या.  मला वाटलं, बसून बसून पाठ धरली, आता उतरवता येणार नाही.

"मावशी, दुखून राह्यलं का?"

"नाई."

"मग?"

त्या लेकीला म्हणाल्या, "पवनारची नदी इथून किती दूर होय?"

"जवळच आहे आई. पण आता घर आलं. उतर, चहा घे, आराम कर."

"घर कुठं पळून राह्यलं. घरच तं पाह्यलं वर्षभर." त्यांनी स्वतःच्या हातानं दार ओढून लावायचा प्रयत्न केला. ते पुरतं लागलं नाही. "नदी दाखव मले."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी ते दार नीट लावून दिलं. मॅडम वॉकर अंगणातच टाकून पुन्हा गाडीत बसल्या, गाडी वळवली आणि दोघी निघून गेल्या. मला चला म्हणायचं त्या दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही. मी पायी घरी आलो.

कुंदा दारातच उभी होती. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"पोचल्या का जी मावशी घरी?"

"नाई," मी म्हणालो. "फिराले गेल्या."